दोन ठोके

वस्तादांबद्दल कोणी गोड बोलायला लागलं की मी ओळखते, हा माणूस त्यांच्या हाताखाली कधी राबलेला नाही. आम्ही राबलोय. त्यांचा विषय निघाला की आम्ही आधी शिव्या घालतो, मग हसतो, आणि मग कोणीतरी उठून उगाच भांडी विसळायला लागतं.

कारखान्याच्या कॅन्टीनचे ते मुख्य आचारी. हजेरीवर त्यांचं जे काय नाव होतं ते पगाराच्या खिडकीपुरतं, बाकी शिपायापासून साहेबापर्यंत सगळे वस्तादच म्हणत. अंगानं दणकट, पोट पुढे आलेलं, मनगटं अशी की दोन माणसांनी उचलायचं पातेलं ते एकटे उतरवत. आणि राग नाकावर. मी वाढपाच्या खिडकीवर असते. माझाही स्वभाव काही साखरेतला नाही, त्यामुळे आमचं जमायचं असं म्हणता येणार नाही, पण चालायचं. रोज एकदा तरी आम्ही एकमेकांशी बोलणं टाकायचो आणि पुढच्या पातेल्याला परत भांडायला लागायचो.

त्यांचा राग रिकाम्या ताटावर होता. रांगेतला माणूस हातात ताट घेऊन ताटकळलेला दिसला आणि समोर पातेलं खरवडताना दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. स्वतःच्या खिडकीपुरतं नाही. पलीकडच्या, त्याच्याही पलीकडच्या खिडकीवर त्यांचा डोळा असायचा. "भुकेल्या माणसाला थांब म्हणणारे तुम्ही कोण लागून गेलात?" असं ते म्हणायचे, आणि हे ऐकायला पुढ्यात कोण आहे याचा विचार करायचे नाहीत.

एरवी ओरडून उपयोगही नसायचा. भिंतीपलीकडे लोखंड ठोकायचे घण चालायचे आणि आमच्या डोक्यावर धूर ओढणारे पंखे. कानाशी तोंड नेलं तरी अर्धंच ऐकू यायचं. म्हणून वस्तादांनी ठोक्यांची भाषा ठरवली होती. वाढायच्या डावाचा दांडा टेबलाच्या पत्र्यावर एकदा आपटला की थांबा, पुरे. एकापाठोपाठ दोनदा आपटला की पातेलं रिकामं आहे, दुसरं आणा. डाव हाताशी नसला तर बोटांच्या पेरांनी. तो आवाज त्या गदारोळातूनही कसा कोण जाणे नेमका पोचायचा. डोक्यात जायच्या आधी पायात जायचा. दोन ठोके पडले की माझे पाय चुलीकडे वळलेले असत, मग तोंडानं मी त्यांनाच काही लागट बोलत असले तरी.

दुसरा नियम फडक्याचा. आमची मोठी पातेली वाफेवर चालतात. साफसफाईला, गळती बघायला अधूनमधून वाफेचा कॉक बंद करावा लागतो. ज्यानं बंद केला त्यानं आपल्या खांद्यावरचं फडकं त्या कॉकला बांधायचं आणि परत चालू करेपर्यंत तिथून हलायचं नाही. एकदा देखभाल खात्यातला एक साहेब कॉक बंद करून, काम उरकून, तसाच चहाला निघून गेला. अख्खी पाळी कच्चे बटाटे चावून कामावर परतली. वस्ताद तरातरा त्याच्या टेबलाशी गेले, त्याच्या पुढ्यातली खाण्याची बशी उचलली आणि आणून माझ्या खिडकीवर ठेवली. "बंद करणारे पुष्कळ आहेत," ते म्हणाले, "चालू करणारा दाखवा." केवढी बोंबाबोंब झाली. वरच्यांनी माफी मागायला सांगितली. त्यांनी मागितली नाही.

आणि हाच माणूस घरी म्हणे मांजर होता. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला हे पुढे सांगितलं. पुढ्यात येईल ते खायचे, कमीजास्त बोलायचे नाहीत, कामाचा विषय उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाहीत. वहिनींनी कॅन्टीन आतून कधी पाहिलं नव्हतं. ठोक्यांचं त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, आणि पुढचं सगळं तिथेच अडलं.

झालं असं की बटाट्याची पोती आणणारा ट्रक मागे घेताना मागे एका माणसानं उभं राहायचं असतं. त्या दिवशी कोणी नव्हतं. वस्ताद कॅन्टीनच्या मागच्या दारात होते. ट्रकनं त्यांना भिंतीशी दाबलं. बरगड्या गेल्या, कंबरेचं हाड गेलं, आतडी फाटली. बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते आणि ड्रायव्हरला शिव्या हासडत होते, म्हणून आम्हाला वाटलं, निभावलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, आतडी शिवली, आणि पुन्हा पुन्हा आत जाऊन सफाई करावी लागणार म्हणून जखम पुरती बंद केली नाही. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली, म्हणजे बोलणं बंद. नाकातून दुसरी एक बारीक नळी आत सोडली आणि तिच्यातून पातळ अन्न सुरू केलं. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेल्या माणसाचं ते जेवण.

आम्हा कॅन्टीनवाल्यांना आत सोडत नव्हते. अतिदक्षता विभागात फक्त जवळचे नातेवाईक, असा नियम. मी सुटी झाली की बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची आणि वहिनी बाहेर आल्या की विचारायची. आधी म्हणाल्या गुंगीत आहेत. मग म्हणाल्या डोळे उघडले. मग एके दिवशी रडायलाच लागल्या.

"त्यांचं डोकं ठिकाणावर नाही हो ताई. सारखा कठड्यावर हात आपटतात. नळी ओढायला जातात. सिस्टरनी हात बांधून ठेवलेत."

"हात बांधलेत?"

"मऊ पट्टी आहे. त्यांच्याच भल्यासाठी म्हणे. झोपेचं इंजेक्शन देतात, तेवढ्यापुरते शांत होतात. जागे झाले की परत तेच. आणि इतके वाळलेत, बघवत नाही. पोटाची जखम काही केल्या भरत नाही म्हणतात डॉक्टर. असंच राहिलं तर…"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मनगटांना पट्टी? "वहिनी, मला आत न्या."

"नातेवाईकच लागतो ना."

"मग करा मला नातेवाईक."

वहिनी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. तरी दाराशी पुढे होऊन म्हणाल्या, "ही माझी नणंद." पहारेकऱ्यानं आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. मी कपाळाला आठी घातली. त्याची खात्री पटली.

आत गेल्यावर मी त्यांना ओळखलं नाही. चुकीच्या खाटेपाशी आणलं असं वाटलं. पोट होतं, बांधलेलं, फुगलेलं. पण दंड गेले होते, कानशिलं आत ओढली होती, खांद्यांची हाडं चादरीतून वर आली होती. मनगटाला बांधलेली पट्टी मनगटावर सैल पडत होती. डोळे तेवढे त्यांचे होते. मला बघून ते आधी भडकले, बहुधा इतके दिवस कुठे उलथली होतीस म्हणून. मग पट्टीत जेवढा हलेल तेवढा हात हलला आणि पेरं कठड्यावर आदळली. ठक ठक.

माझे पाय वळले. मी खरोखर निघाले होते पातेलं आणायला. पुढच्या खाटेवर आपटायची वेळ आली तेव्हा भान आलं की इथे चूल नाही. मागे पाहिलं तर परत, ठक ठक. पेरांची सालं निघाली होती.

"बघा," वहिनी पुटपुटल्या, "दिवसभर हे असं."

"वहिनी, त्यांना काही झालेलं नाही. ते पातेलं रिकामं आहे म्हणतायत."

वहिनींना वाटलं असणार की आता दोघांचंही डोकं फिरलं. मी वस्तादांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. खाटेच्या डोक्याशी खांबाला एक पिशवी लटकत होती. तिच्या तळाशी पिवळट अन्न सुकून चिकटलं होतं. खाली ते अन्न ढकलायचं छोटं यंत्र होतं आणि त्याचा दिवा विझलेला होता. नळीला चिमटा.

"हे म्हणताय ना?" मी त्यांना विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. पाणी आलं. इतक्या वर्षांत कांद्याशिवाय मी त्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. नळी ओढायला नव्हते जात ते, चिमटा काढायला जात होते.

सिस्टर शेजारच्या खाटेपाशी होती. तिला मी हाक मारली आणि विचारलं, यांचं जेवण बंद का.

"काकांची आज पोटाची सफाई आहे ना. त्यासाठी उपाशी ठेवलंय."

"कधी आहे?"

"ती पुढे गेली. तातडीचे पेशंट आले. आता उद्या."

"मग चालू करा की आता."

"डॉक्टरांनी अजून सांगितलं नाही."

"आणि काल?"

सिस्टर तक्ता चाळायला लागली. वहिनी हळूच म्हणाल्या, "कालही असंच झालं. त्याच्या आदल्या दिवशी स्कॅनला न्यायचं होतं म्हणून बंद होतं. ड्रेसिंगला बंद करतात. कूस बदलताना बंद करतात."

"आणि चालू?"

"करतात की. कोणाच्या लक्षात आलं की."

सिस्टरला वाटलं माझी समजूत घालावी. म्हणाली, "एवढी काळजी करू नका. काकांच्या अंगावर भरपूर आहे. एखादा दिवस कमी गेलं तर काही बिघडत नाही."

यावर मी तिला जे बोलले ते कागदावर शोभणार नाही. ती पोरगी एकटी किती खाटा सांभाळत होती ते मला दिसत होतं. तिचा स्वतःचा डबा कोपऱ्यात न उघडलेला पडला होता, तोही दिसत होता. तरी बोलले, कारण पुढ्यात तीच होती. वॉर्डातली सगळी डोकी आमच्याकडे वळली. पहारेकरी आत आला. आणि माझ्या सुदैवानं मोठे डॉक्टरही त्याच वेळी आले, त्यांच्यामागे एक शिकाऊ डॉक्टर आणि चष्मा लावलेली एक किरकोळ अंगाची बाई.

"काय चाललंय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. माणूस उभ्या उभ्या झोपेल इतका दमलेला होता.

"माझ्या भावाला उपाशी का मारताय?"

"पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून छातीत जाऊ शकतं. आम्ही उगाच ठेवत नाही उपाशी."

"पटलं. ऑपरेशन होईल त्या दिवशी ठेवा. होत नाही त्या दिवशी काय?"

"मग चालू करायला सांगतो मी."

"कोणाला?"

डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरकडे पाहिलं. शिकाऊ डॉक्टरनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनं यंत्राकडे. कढई करपली की आमच्याकडे हुबेहूब असेच चेहरे होतात.

चष्मेवाली बाई आहारतज्ज्ञ निघाली. या पेशंटांना नळीतून काय आणि किती द्यायचं ते तिनं ठरवायचं. ती माझ्यापेक्षाही वैतागलेली होती, त्यामुळे मला लगेच आवडली. "मी रोज ठरवून जाते आणि रोज येऊन बघते तर निम्मंसुद्धा गेलेलं नसतं," ती डॉक्टरांना म्हणाली. "यांच्या गळ्यात तर नळी आहे, श्वासाचा रस्ता आधीच बंदोबस्तात आहे. मग इतक्या आधीपासून उपाशी कशाला, हे मी कितीदा विचारलं. प्रत्येक वेळी बघू म्हणता."

ती वहिनींकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, एवढा मोठा मार बसला की शरीर आतून पेटलेलं असतं. त्याला नेहमीपेक्षा जास्त लागतं. नाही मिळालं तर ते पोटावरच्या चरबीवर भागवत नाही, स्नायू तोडायला घेतं. दंडाचे, मांड्यांचे, श्वास घ्यायचेसुद्धा. पोट तेवढं दिसत राहतं आणि सगळे फसतात. मग जखम भरणार कशानं?"

वहिनींनी वस्तादांच्या दंडाला हात लावला. "म्हणजे ते स्वतःलाच खात होते?"

मला अजून राग येतो तो इथे. त्या माणसाला कळत होतं. एवढ्या शिकलेल्या लोकांत, एवढ्या यंत्रांत, आपलं पातेलं रिकामं आहे हे त्याला एकट्याला कळत होतं, आणि तो सांगतही होता. जन्मभर ज्या रीतीनं सांगितलं त्याच रीतीनं सांगत होता. त्याबद्दल त्याचे हात बांधले आणि वर झोपेची सुई टोचली. कोणी दुष्ट असता तर मी त्याचं नरडं धरलं असतं. तसा एकही नव्हता. जो तो आपापलं काम चोख करत होता, आणि त्या चोख कामाखाली माणूस उपाशी मरत होता.

"पट्टी सोडा," डॉक्टर सिस्टरला म्हणाले. "आणि फीड चालू करा. हळू."

नवी पिशवी आली. सिस्टरनं चिमटा काढला, यंत्राचा दिवा लागला, नळीतून पिवळट धार सरकायला लागली. मी अजून बोलतच होते. वस्तादांनी मोकळा झालेला हात उचलला, त्यालाही त्यांना केवढी ताकद लावावी लागली, आणि कठड्यावर एक ठोका दिला. एकच. थांबा, पुरे. तो यंत्रासाठी होता की माझ्या तोंडासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॅन्टीनमधून स्वच्छ धुतलेलं एक लाल फडकं घेऊन गेले. नियम समजावून सांगितला. जो बंद करेल त्यानं बांधायचं आणि चालू केल्यावरच सोडायचं. सिस्टर म्हणाली, बाहेरचं कापड इथे चालत नाही. बरोबरच होतं तिचं, जंतूंचा प्रश्न असतो. मग मीच फडकं झाले. भेटीच्या वेळात कोणी त्या यंत्राला हात लावला की मी विचारायची, "चालू कोण करणार?" ड्रेसिंगवाल्याला विचारलं, व्यायाम घेणाऱ्याला विचारलं, एकदा तर मोठ्या डॉक्टरांनाही विचारलं. माझी वेळ नसेल तेव्हा वहिनी विचारायच्या. आयुष्यात ज्या बाईनं भाजीवाल्याशी घासाघीस केली नसेल ती दाराशी उभी राहून विचारायची. आहारतज्ज्ञ बाईनं डॉक्टरांशी भांडून ऑपरेशनच्या आधीचा उपास निम्म्यावर आणला. वॉर्डात माझं नाव नणंदबाई पडलं. नणंदबाई आल्या, म्हटलं की लोक आधी यंत्राचा दिवा बघून घ्यायचे.

जखम भरायला लागली. हळूहळू, कडेकडेनं. एका फेरीला मोठे डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "छान. तब्येतीनं साथ दिली."

"तब्येतीनं नाही," मी म्हटलं, "जेवणानं."

ते हसले. मी हसले नाही. वस्तादही हसले नाहीत, पण त्यांच्या कपाळावरची जुनी आठी परत आली होती, आणि ती बघून वहिनींनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी शांत झाले असते. श्वासाची नळी काढायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. त्या दिवशी मी आत गेले तर लांबूनच ऐकू आलं, ठक ठक. मी धावलेच. पण पिशवी भरलेली, दिवा लागलेला, धार व्यवस्थित सरकत होती. सिस्टर खाटेपाशी उभी होती, तीच पहिल्या दिवसाची. तिच्या हातात पट्टी होती.

"आज परत सुरू झालंय," ती मला समजुतीच्या सुरात म्हणाली. "काका, अहो, तुमचं चालू आहे. बघा, चालू आहे. हात दुखवून घ्याल."

ठक ठक.

पेरं पुन्हा सोलली होती. वस्ताद माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या पिशवीकडेही नाही. त्यांची मान पडद्याकडे वळलेली होती. पडदा अर्धा सरकलेला, पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा. रस्त्यात गाडीनं उडवलेला, कोणी उचलून आणून टाकलेला. त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. त्याला भेटायला कोणी येत नव्हतं. त्याला बायको नव्हती दाराशी उभी, आणि खोटी नणंदही नव्हती.

सिस्टरनं वस्तादांचं मनगट धरलं. मी पट्टी तिच्या हातातून काढून घेतली.

"बांधू नका," मी म्हटलं. "पलीकडचं पातेलं रिकामं आहे."

तिनं वळून पाहिलं. म्हाताऱ्याच्या यंत्राचा दिवा विझलेला होता, आणि तो कोणी आणि कधी बंद केला ते वॉर्डातल्या एकालाही सांगता येईना. आम्ही विचारत होतो तेवढा वेळ वस्तादांचा हात कठड्यावर चालूच होता.